तारे नंतर, आधी जागा: ‘फ्रँचाइज हॉकी मॅनेजर’मध्ये संघ कसा उभा करावा

‘फ्रँचाइज हॉकी मॅनेजर’ हा बर्फावरच्या हॉकीचा संघ चालवण्याचा खेळ आहे. इथे हातात स्टिक येत नाही आणि बटणं दाबून गोलही करायचे नसतात. करार, अदलाबदल, ड्राफ्ट (नव्या तरुण खेळाडूंची निवड), प्रशिक्षण आणि रोजच्या सामन्यात कोण कुठे खेळणार, एवढंच तुमच्या ताब्यात. ‘आउट ऑफ द पार्क डेव्हलपमेंट्स’ ही कंपनी 2013 पासून तो काढते आहे, आणि 2020 मध्ये ही कंपनी कोरियाच्या कॉमटूसने घेतली. उत्तर अमेरिकेतल्या एनएचएल या मुख्य लीगचा परवाना असल्यामुळे संघ आणि खेळाडूंची नावं खरी आहेत. आजच्या हंगामापासून सुरुवात करा, नाहीतर थेट 1917 मध्ये जा. विंडोज आणि मॅक, दोन्हींवर चालतो.

या खेळात पडदे भरपूर आहेत आणि नवा माणूस करार-अदलाबदलीच्या पडद्यांवर रमतो, कारण मोठी नावं तिथे दिसतात. पण हंगाम घडतो किंवा बिघडतो तो फळ्या, म्हणजे एकत्र खेळणाऱ्यांचे गट, लावायच्या पडद्यावर. चांगल्या खेळाडूंनी भरलेला संघ तळाला का गेला, असा प्रश्न पडला तर दहापैकी आठ वेळा उत्तर एकच असतं: माणसं चुकीच्या जागी उभी आहेत. या परीक्षणात म्हणूनच मुख्यतः त्या एका गोष्टीकडे पाहिलं आहे. तिथे हा खेळ फार खोल आहे, आणि ती खोली दाखवण्यात तितकाच कच्चा आहे.

आपल्याकडे हॉकी म्हटलं की डोळ्यांसमोर खडकीचा धनराज पिल्ले येतो. तिथे मैदानात अकरा जण असतात. बर्फावर एका वेळी सहाच: गोलरक्षक, डावा आणि उजवा बचावपटू, आणि आघाडीला डावा विंगर (कडेचा), सेंटर (मधला), उजवा विंगर. सामना वीस-वीस मिनिटांच्या तीन भागांचा. इतक्या वेगात सलग खेळणं अशक्य असतं, म्हणून सुमारे पाऊण मिनिट खेळून पाचही जण बाहेर येतात आणि पुढचे पाच आत जातात. सामन्यासाठी 20 जण तयार ठेवता येतात. रूढ विभागणी 12 आघाडीवाले, 6 बचावपटू, 2 गोलरक्षक अशी. म्हणजे आघाडीच्या चार फळ्या आणि बचावाच्या तीन जोड्या. एनएचएलची पूर्ण यादी 23 जणांची, आणि 2025-26 च्या नेहमीच्या हंगामात सामने 82.

सहा आकडे

खेळाडूचं पान उघडलं की नजर आधी ताऱ्यांवर जाते. क्षमता किती आणि पुढे किती वाढेल, हे पाच ताऱ्यांच्या मापात दाखवलेलं असतं. तिथेच लोक फसतात. तारे सांगतात खेळाडू एकूण किती चांगला आहे. कुठे चांगला आहे ते सांगत नाहीत. ते सांगणारे आकडे वेगळे आहेत. गोलरक्षक, डावा बचाव, उजवा बचाव, डावी विंग, सेंटर, उजवी विंग अशा सहा जागांसाठी प्रत्येक खेळाडूला 20 पैकी सहा आकडे दिलेले असतात.

समजा तुमच्याकडे साडेतीन ताऱ्यांचा विंगर आहे. डाव्या विंगवर त्याला 20, उजव्या विंगवर 14, सेंटरला 8. दुसरा खेळाडू तीन ताऱ्यांचा, पण सेंटरला 19. दुसऱ्या फळीचा सेंटर जायबंदी झाला की तारे पाहणारा व्यवस्थापक पहिल्याला मध्ये आणतो. तो 8 हा आकडा मग प्रत्येक फेसऑफला (खेळ सुरू करताना पकसाठी, म्हणजे रबरी चकतीसाठी, दोघांत होणारी झटापट) आणि स्वतःच्या गोलसमोर प्रतिस्पर्धी मोकळा सुटला की प्रत्येक वेळी वसूल होतो. कबड्डीत डावा कोपरा सांभाळणाऱ्या पट्टीच्या बचावपटूला उजव्या कोपऱ्यात उभं केलं तर पकड तीच असते, पण पाय, हात आणि चढाईपटूचा कोन सगळं उलटं होतं. इथे तसंच घडतं.

कामाला पुरेसा ठरणारा मापदंड असा: 18 ते 20 म्हणजे हक्काची जागा. 15 ते 17 असेल तर पूर्ण हंगाम खेळवायला हरकत नाही. 12 ते 14 हा दुखापतीच्या काळातला तोडगा, तोही तिसऱ्या-चौथ्या फळीत. 10 च्या खाली असेल तर खालच्या लीगमधून दोन तारे कमी असलेला पण त्या जागेचा खेळाडू बोलवा. 5 आणि 5 ची बेरीज करून 10 होतील असा हिशेब इथे चालत नाही. डाव्या-उजव्या दोन्ही विंगवर 12 असलेला खेळाडू ‘बहुगुणी’ नव्हे, तो दोन्हीकडे कच्चा आहे.

नियमित जागेपासून दूर गेल्यावर खेळ नेमका किती घसरतो, हे खेळाच्या पडद्यावर वाचायला मिळत नाही. ही या खेळाची मोठी उणीव आहे. फळी लावताना खेळाडूच्या नावाशेजारी त्या जागेचा आकडा ठळक दिसायला हवा होता. तो शोधायला खेळाडूच्या पानात जावं लागतं, आणि 23 जणांसाठी हे दर आठवड्याला करणं कुणालाही जमत नाही. त्यावर एक चांगला उपाय आहे, तो पुढे येईल.

सेंटर: संघाचा कणा इथे मोजा

चार फळ्यांना चार सेंटर लागतात. पाचवा राखीव. विंगर कितीही महागडे घ्या, मध्ये माणूस नसेल तर तो पैसा बर्फावर पाण्यासारखा जातो. कारण सेंटरकडे दोन्ही टोकांची कामं आहेत. फेसऑफ त्याचा. आक्रमणात तो विंगरांना पक पुरवतो. आपल्या गोलकडे खेळ आला की तो खाली उतरून बचावपटूंसोबत गोलसमोरची जागा झाकतो, तर विंगर वर राहून प्रतिस्पर्ध्याच्या बचावपटूंवर लक्ष ठेवतात. म्हणून सेंटरला विंगवर नेणं सोपं असतं आणि विंगरला सेंटर करणं अवघड. यादी बांधतानाही हाच न्याय लावा: शंका असेल तेव्हा सेंटर जास्त घ्या, उरलेला विंगवर खेळतो. लिऑन द्रायसाइतल एडमंटनसाठी स्वतःची फळी सेंटर म्हणून चालवतो आणि गरज पडली की कॉनर मॅकडेव्हिडच्या बाजूला विंगवरही जातो. असा एक खेळाडू हाताशी असला की प्रशिक्षकाला दोन वेगळे संघ मिळतात.

सेंटर निवडताना जागेच्या आकड्यानंतर पाहायचे गुण: फेसऑफ, पासिंग, आक्रमणाचं वाचन, बचावाचं वाचन, पोझिशनिंग, स्टिकने पक हिसकावणं आणि दम. शेवटचा गुण सगळेच विसरतात. साठ मिनिटं चार सेंटरांत वाटायची आहेत. 20, 17, 14 आणि 9 अशी वाटणी केली तर बरोबर साठ होतात. पहिल्या सेंटरला त्यावर पॉवर प्ले (प्रतिस्पर्ध्याचा माणूस शिक्षेमुळे बाहेर असतानाचा खेळ) आणि एक माणूस कमी असतानाचा बचाव, दोन्ही दिलेत तर त्याची मिनिटं 24 च्या पुढे जातात. दम 12 असलेला माणूस ते डिसेंबरपर्यंत ओढतो आणि मार्चमध्ये, नेमकं प्लेऑफच्या तोंडावर, ढेपाळतो. तिसऱ्या फळीला फेसऑफ आणि बचावात तगडा सेंटर द्या आणि माणूस कमी असतानाचं काम त्याच्याकडे सोपवा. बॉस्टनचा पॅट्रिस बर्जरॉन या कामाचा आदर्श. बचाव करणाऱ्या सर्वोत्तम फॉरवर्डसाठीचं सेल्की पारितोषिक त्याला सहा वेळा मिळालं. तसा माणूस बाजारात मिळणार नाही, पण फेसऑफ 16 आणि बचावाचं वाचन 15 असलेला तिशीतला सेंटर साधारण पैशात मिळतो. मोठ्या नावांच्या झुंबडीत त्याच्याकडे कुणी पाहत नाही.

डावा, उजवा आणि स्टिकची बाजू

खेळाडूच्या पानावर तो डाव्या बाजूने फटका मारतो की उजव्या, हे लिहिलेलं असतं. ते वाचल्याशिवाय बचावाच्या जोड्या लावू नका. डाव्या बाजूने स्टिक धरणारा बचावपटू उजव्या बाजूला उभा केला की भिंतीलगत आलेला पक त्याला उलट्या बाजूने, बॅकहँडने घ्यावा लागतो. मागून कुणी अंगावर येत असताना तो पक बाहेर काढायला एक क्षण जास्त लागतो, आणि त्या क्षणात पक हातातून जातो. प्रतिस्पर्ध्याच्या निळ्या रेषेवर (जिथून त्याचा बचावाचा भाग सुरू होतो) भिंतीलगतचा पक आत अडवून धरतानाही तीच अडचण. एनएचएलमध्ये बहुसंख्य खेळाडू डाव्या बाजूचे असल्यामुळे चांगला उजवा बचावपटू कायम दुर्मिळ आणि महाग. खेळातही हे उतरलं आहे. कुठल्याही संघाचा बचाव उघडून बघा: डावीकडे चार चांगले, उजवीकडे एक चांगला आणि दोन कामचलाऊ.

म्हणून ड्राफ्टमध्ये आणि अदलाबदलीत एक गोष्ट नेमाने करा. दोन तरुण बचावपटू सारख्याच तोलाचे असतील तर उजवा घ्या. तो तुमच्या संघात बसला नाही तरी वर्षभरात त्याच्या बदल्यात चांगला विंगर मिळतो. डाव्याच्या बदल्यात मिळेलच असं नाही.

बचावाच्या तीन जोड्यांत प्रत्येक बाजूची साठ मिनिटं 24, 20, 16 अशी वाटा. एका जोडीत दोघेही पुढे धावणारे नकोत. एक पक घेऊन चढणारा असेल तर दुसऱ्याचे पोझिशनिंग, फटके अंगावर झेलणं आणि बचावाचं वाचन, हे तीन आकडे 14 च्या वर हवेत. पहिल्या जोडीतला उजवा जायबंदी झाला तर संपूर्ण रांग एकेक पायरी वर सरकवायची सवय टाळा. तिसऱ्या जोडीतला 16 मिनिटांचा माणूस एकदम 20 मिनिटांवर जातो, दुसरा 24 वर, आणि एका दुखापतीने तिन्ही जोड्या बिघडतात. त्यापेक्षा सातव्या बचावपटूत दोन्ही बाजूंना 16 असलेला माणूस ठेवा. तारे दोन असले तरी चालेल. रिकामी झालेली जागा तो भरतो आणि बाकीच्या दोन जोड्या जशाच्या तशा राहतात. 23 जणांची यादी 13 आघाडीवाले, 8 बचावपटू, 2 गोलरक्षक अशीही करता येते. प्रवासाच्या लांब टप्प्यांत ती सोयीची पडते.

विंगवर स्टिकच्या बाजूचा हिशेब उलटही करता येतो, आणि इथे खेळाची मजा वाढते. अलेक्झांडर ओवेचकिन उजव्या बाजूने फटका मारतो आणि डाव्या विंगवर खेळतो. तिथून त्याची स्टिक मैदानाच्या मध्याकडे राहते आणि गोलचा कोन मोठा मिळतो. पॉवर प्लेवर डाव्या वर्तुळाजवळ उभं राहून, आलेला पास न थांबवता मारलेला त्याचा फटका सगळ्या लीगला माहीत होता, तरी कुणाला अडवता आला नाही. एप्रिल 2025 मध्ये त्याने वेन ग्रेट्स्कीचा 894 गोलांचा विक्रम मोडला. त्याच ओवेचकिनला प्रशिक्षक अ‍ॅडम ओट्स यांनी 2012-13 मध्ये उजव्या विंगवर नेलं आणि त्या हंगामात तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. म्हणजे जागा बदलणं हे पाप नाही. पण ती पेलणारा खेळाडू आणि त्यामागचा विचार, दोन्ही हवेत. खेळात दोन्ही विंगवर 17 च्या पुढे असलेला नेमबाज मिळाला तर पाच-विरुद्ध-पाच त्याला एका बाजूला आणि पॉवर प्लेवर दुसऱ्या बाजूला लावा. दोन्ही याद्या वेगळ्या आहेत, एकीत केलेला बदल दुसरीत आपोआप जात नाही. हे विसरून अनेकजण विकलेल्या खेळाडूची रिकामी जागा पॉवर प्लेवर तशीच सोडतात आणि मग सहायक प्रशिक्षकाने तिथे कुणाला कोंबलं, हे आठ सामन्यांनी कळतं.

नवी जागा शिकवणं

प्रशिक्षणातून खेळाडूला नवी जागा शिकवता येते. हे हत्यार प्रभावी आहे, पण वेळखाऊ. ज्या जागेचा आकडा आधीच 12-13 आहे तीच शिकवा. 3 वरून 16 वर नेण्याच्या नादात हंगाम निघून जातो. वयाचाही हिशेब ठेवा. बाविशीतला खेळाडू दोन वर्षांनी तयार झाला तरी त्याची आठ-दहा वर्षं तुमची. एकतिशीतला तयार होईपर्यंत त्याचा करारच संपत येतो. आणि शिकत असताना त्याला मुख्य संघात चौथ्या फळीत आठ मिनिटं खेळवण्यापेक्षा खालच्या एएचएलमधल्या संलग्न संघात त्याच नव्या जागेवर पहिल्या फळीत खेळवा. तिथल्या फळ्याही स्वतः तपासा. नाहीतर तुम्ही सेंटर शिकवताय आणि तिथला प्रशिक्षक त्याला विंगवर उभा करतोय, असं सर्रास घडतं.

मोठ्या उड्या प्रत्यक्षात घडलेल्या आहेत. ब्रेंट बर्न्सला मिनेसोटाने 2003 मध्ये फॉरवर्ड म्हणून निवडलं, मग बचावपटू केलं. सॅन होजेने 2013-14 मध्ये त्याला पुन्हा आघाडीला खेळवलं आणि परत बचावात आणलं. 2017 मध्ये सर्वोत्तम बचावपटूचं नॉरिस पारितोषिक त्याने जिंकलं. डस्टिन बफलिन मूळचा बचावपटू. 2010 मध्ये शिकागोने त्याला विंगवर खेळवून स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकलं, आणि त्याच उन्हाळ्यात अटलांटाला गेल्यावर तो पुन्हा बचावात आला. या दोघांत समान काय? प्रचंड अंगकाठी, जोरदार फटका, आणि त्या आकाराच्या मानाने विलक्षण स्केटिंग. खेळात असा प्रयोग करायचा तर वेग, प्रवेग, तोल, ताकद आणि फटक्याचा पल्ला, हे पाच आकडे आधी पाहा. उलट दिशेने, आघाडीवाल्याला बचावात न्यायचं असेल, तर बचावाचं वाचन आणि पोझिशनिंग 13 च्या खाली असताना हात लावू नका.

ऐतिहासिक पद्धतीत खेळणाऱ्यांसाठी तर हा सगळ्यात आनंदाचा भाग. डेट्रॉइटचा रेड केली हा 1954 साली पहिलं नॉरिस पारितोषिक मिळवणारा बचावपटू. बचावात खेळत त्याने चार स्टॅन्ली कप जिंकले. 1960 मध्ये तो टोरंटोला आला, तिथे ‘पंच’ या टोपणनावाचे प्रशिक्षक इमलाक यांनी त्याला सेंटर केलं, आणि त्या जागेवरून त्याने आणखी चार कप जिंकले: 1962, 1963, 1964 आणि 1967. सहा संघांच्या त्या काळातली लीग उघडून टोरंटो हाती घ्या आणि हा बदल स्वतः करून बघा. एका खेळाडूची जागा बदलली की दुसऱ्या फळीपासून बचावाच्या जोडीपर्यंत किती गोष्टी हलतात, ते त्यातून उत्तम समजतं. सेर्गेई फेदोरोव्हला स्कॉटी बोमन यांनी 1996-97 मध्ये काही काळ बचावात खेळवलं होतं, तोही प्रयोग जरूर करावा असा. जुन्या काळात शिरताना एक गोष्ट मात्र ध्यानात असू द्या. दोन गोलरक्षक तयार ठेवण्याची सक्ती एनएचएलमध्ये 1965-66 पासूनची. त्याआधीच्या संघांत राखीव माणसं फार थोडी असायची, म्हणून तिथे एकाच जागेचा 20 असलेल्या खेळाडूइतकंच दोन जागांवर 16 असलेल्या खेळाडूला मोल आहे.

तक्ता काढा, डोळे वाचवा

आता तो उपाय. खेळात सगळा डेटा सीएसव्ही फायलींत (साध्या मजकुरातले तक्ते) बाहेर काढण्याची सोय आहे. त्यातून अनेक फायली निघतात. आपल्याला दोन पुरतात. ‘प्लेयर मास्टर’ या फायलीत नाव, संघ, जन्मतारीख आहे, ‘प्लेयर रेटिंग्ज’मध्ये सहा जागांचे आणि गुणांचे आकडे. दोन्हींत खेळाडूचा क्रमांक हा समान रकाना आहे. एक्सेलमध्ये थेट डबल-क्लिक करून उघडलंत तर सगळं एकाच रकान्यात कोंबलेलं दिसेल, कारण या फायलींत रकाने स्वल्पविरामाने नव्हे, अर्धविरामाने वेगळे केलेले आहेत. ‘डेटा’ मेनूतून आयात करा, विभाजक म्हणून अर्धविराम निवडा, आणि खेळाडूच्या क्रमांकावरून एक्सेलचं व्हीलुकअप हे सूत्र लावून नावं जोडा.

मग आपल्या संघाची गाळणी लावा आणि सहा जागांच्या रकान्यांना रंग द्या: 18 आणि पुढे हिरवा, 15 ते 17 पिवळा, 12 ते 14 नारिंगी, बाकी पांढरा. पाच मिनिटांत जे चित्र समोर येतं ते खेळाच्या कुठल्याही पडद्यावर मिळत नाही. उजव्या बचावाच्या रकान्यात हिरवे किती, सेंटरच्या रकान्यात चारपेक्षा कमी तर नाहीत ना, हे एका नजरेत. हाच तक्ता सगळ्या लीगवर लावा: उजवा बचाव 18 च्या पुढे, वय 23 च्या आत, आणि संघ असा की ज्याच्याकडे त्या जागेवर आधीच तीन आहेत. अदलाबदलीचा पहिला फोन तिथे करा. हंगामाच्या सुरुवातीला, डिसेंबरमध्ये आणि अदलाबदलीच्या मुदतीआधी असा तीनदा तक्ता काढला की पुरतं. डेटा बाहेर काढताना मोठ्या लीगला थोडा वेळ लागतो, खेळ अडकला असं समजून बंद करू नका.

बदल लागू पडला की नाही, हे गोलांवरून ठरवू नका. पाच-सहा सामन्यांत गोल हे निव्वळ नशीब असतं. वीसेक सामने द्या आणि तीन आकडे बघा: पाच-विरुद्ध-पाच असताना त्या फळीने केलेल्या आणि सोसलेल्या फटक्यांचं प्रमाण, सेंटरचा फेसऑफचा टक्का, आणि गेम रेटिंग (खेळाडूच्या कामगिरीला खेळ देतो ते गुण). गेम रेटिंग आक्रमण आणि बचाव असं वेगवेगळं मिळतं, हे या खेळाचं मोठं बलस्थान. विंगवरून सेंटरला आणलेल्या खेळाडूचं आक्रमणाचं रेटिंग टिकलं आणि बचावाचं घसरलं, तर त्याला परत विंगवर पाठवण्याआधी त्याच्या शेजारी बचाव जाणणारा एक विंगर देऊन पाहा. दोन्ही घसरली तर प्रयोग थांबवा.

सहायकावर सोडावं का?

फळ्या आपोआप लावायची सोय आहे, आणि पहिल्या आठवड्यात ती वापरण्यात काही कमीपणा नाही. ती सामना वाया घालवत नाही. पण ती आजचा सामना पाहते. तुम्ही ज्या तरुणाला सेंटर बनवताय, ज्याचा दम मार्चसाठी राखताय, ते तिला कळत नाही. चांगली पद्धत अशी की आपोआप फळ्या लावून घ्यायच्या, मग सेंटर आणि बचावाच्या जोड्या हाताने बदलायच्या आणि पॉवर प्लेच्या दोन याद्या स्वतः लिहायच्या. दुखापतीनंतर मात्र दरवेळी तो पडदा उघडा. बदली माणूस कुठून आला आणि कुठे गेला हे पाहिल्याशिवाय पुढचा सामना चालवू नका. एकदम महिनाभर पुढे जायचं बटण दाबणाऱ्यांचे हंगाम इथेच बुडतात.

गोलरक्षकाबद्दल जागेच्या दृष्टीने बोलण्यासारखं फार नाही. कुणी दुसरा तिथे जात नाही. दुसरा गोलरक्षकही चांगला घ्या, 82 पैकी 25 तरी सामने त्याला द्या, विशेषतः लागोपाठच्या दोन रात्रींपैकी दुसऱ्या रात्रीचे.

भूमिका हा आणखी एक थर. प्रत्येक खेळाडूला नेमबाज, पास देणारा, धसमुसळा, दोन्हीकडे खेळणारा अशा भूमिका देता येतात, आणि फळीतल्या तिघांच्या भूमिका एकमेकांना पूरक असाव्या लागतात. तीन नेमबाज एकत्र आले तर पक मिळवून देणारं कुणी उरत नाही. पण क्रम चुकवू नका: आधी जागा, मग भूमिका, मग डावपेच. जागा 11 असलेल्या माणसाला योग्य भूमिका देऊन काही साधत नाही.

दोष सांगायचे तर आकड्यांच्या सादरीकरणाचा आधी सांगितलाच. त्याखेरीज अक्षरं बारीक आहेत. 13-14 इंची लॅपटॉपवर तासभर फळ्या लावल्या की डोळे दुखतात, म्हणून मोठा पडदा जोडता आला तर जरूर जोडा. लीगची माहिती प्रचंड असल्याने एखाद्या खेळाडूच्या जागेचा आकडा वास्तवाशी जुळत नाही असंही आढळतं, विशेषतः युरोपातल्या खालच्या लीगमध्ये आणि नव्या ड्राफ्टच्या मुलांमध्ये. कमिशनर, म्हणजे सगळ्या लीगवर ताबा असलेला, म्हणून खेळत असाल तर तो दुरुस्त करता येतो. दुरुस्तीआधी जतन केलेल्या खेळाची एक प्रत वेगळी ठेवा. पगाराच्या मर्यादेचं गणित (एनएचएलमध्ये 2025-26 साठी 9 कोटी 55 लाख डॉलर) नवख्याला सुरुवातीला जड जातं. हॉकीच अनोळखी असेल तर पहिला महिना कठीण जाईल. टोरंटो, एडमंटन, कॅल्गरी भागात राहणाऱ्या आणि एनएचएल रोज पाहणाऱ्या मराठी मंडळींना मात्र हा खेळ पहिल्या संध्याकाळपासून धरून ठेवील.

‘ईस्टसाइड हॉकी मॅनेजर’शी तुलना अटळ आहे. फिनलंडच्या रिस्तो रेमेस यांनी सुरू केलेला आणि ‘फुटबॉल मॅनेजर’वाल्या स्पोर्ट्स इंटरअ‍ॅक्टिव्हने काढलेला तो खेळ 2015 च्या आवृत्तीत थांबला. त्यातही जागा 20 पैकी आकड्यांत आहेत, पडदे जास्त सुटसुटीत आहेत, जुन्या यंत्रावर तो झरझर चालतो आणि चाहते अजून त्याच्या याद्या अद्ययावत करतात. ‘फुटबॉल मॅनेजर’ची सवय असलेल्याला तो चटकन जमेल. पण इतिहासाची खोली, अधिकृत नावं आणि भूमिकांचा थर हवा असेल तर ‘फ्रँचाइज’ला पर्याय नाही.

विकत घेताना सर्वांत नवी आवृत्ती घेण्याची घाई नको. दरवर्षी नवा क्रमांक येतो, आणि मागचा क्रमांक स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानाच्या सवलतीत बराच स्वस्त मिळतो. जागा आणि फळ्यांचा गाभा दोन्हींत तोच आहे. आजच्या हंगामाच्या ताज्या याद्या हव्या असतील तरच नवी घ्या. ऐतिहासिक पद्धतीच खेळायच्या असतील तर एक क्रमांक मागची घ्या आणि 1959-60 पासून सुरुवात करा: संघ सहाच, नावं लवकर ओळखीची होतात, आणि फळ्या लावायचा हात तिथेच बसतो.